आफ्रिकेतल्या खेड्यात बोअर मारून दिली की पाण्याचा प्रश्न सुटतो का?

नाही. खरी गोची हापसा बंद पडल्यावर सुरू होते. युगांडात गावोगावी दिसणारा 'यू-टू' हापसा म्हणजे आपल्या इंडिया मार्क-२ चाच भाऊ, आणि त्याचं मूळ थेट सोलापूरच्या पंपात! दणकट आहे, पण खालच्या सिलिंडरमधलं वायसर झिजलं की सगळे लोखंडी पाइप वर ओढायचे. चार-पाच गडी आणि मेकॅनिक हवाच. १९८० च्या दशकात मलावी-केनियात घडवलेल्या आफ्रिदेव हापशाचा दट्ट्या मात्र पाइप न काढता वर येतो. एक पाना पुरतो, गावातल्या बायकाही दुरुस्ती करतात. म्हणून देणगीआधी विचारा: सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का? आणि दुरुस्तीची वर्गणी कोण गोळा करतं?