आधी बाही, मग डाव

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर मुद्दाम लिहून पाठवतोय, म्हणजे फोनकडून हवं तितक्या वेळा वाचून घेता येईल. जपानी शब्दांची तो वाट लावेल, तेवढं सांभाळून घे.

स्पर्धेआधी उची-माता, म्हणजे मांडीने उचलून फेकायचा डाव, शिकायचाच, असा तुझा हट्ट. शिकवीन, पण आत्ता नाही. तुझी पकड कच्ची आहे आणि आपल्या अंधांच्या ज्युदोत लढत पकडीपासूनच सुरू होते. डोळस खेळाडू पकड मिळवण्यासाठी झटापट करतात, मध्येच लांब होऊन दम खातात. आपल्याकडे ती सोय नाही. पंच दोघींना समोरासमोर आणतात, एक हात बाहीवर, एक कॉलरवर, आणि मग ‘हाजिमे’, म्हणजे सुरू. पकड सुटून दोघी वेगळ्या झाल्या की ‘माते’, म्हणजे थांबा, परत मध्यावर, परत पकड. लढत ४ मिनिटांची. त्यातला जवळजवळ सगळा वेळ तिचं वजन तुझ्या हातात आणि तुझं तिच्या. लोक म्हणतात, यांना पकड आयती मिळते, मग काय अवघड! त्यांना एकदा मॅटवर घेऊन ये. दणकट डोळस पोरं हाजिमेचा आवाज विरायच्या आत पाठीवर पडलेली मी पाहिली आहेत.

बाही धरताना करंगळी, अनामिका आणि मधलं बोट घट्ट, अंगठा-तर्जनी सैल. मनगट आवळू नकोस. आवळलेल्या हाताला समोरचीचा खांदा कळत नाही. ती पाय उचलायच्या बेतात असताना बाही जड होते की हलकी, हे रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, तूच शोध. मी सांगून ते हातात उतरणार नाही.

दुसरं, उरलेल्या नजरेचा मोह सोड. तू मान खाली घालून समोरचीचे पाय बघायला जातेस. मान वाकली की कंबर वाकते, आणि पुढे वाकलेल्याला पुढेच फेकायला फार जोर लागत नाही. थोडा वेळ तरी रोज डोळ्यांवर पट्टी बांधून सराव कर. ब्राझीलचा आंतोनियो तेनोरिओ पूर्ण अंध. १९९६ ते २००८ अशा सलग ४ पॅरालिम्पिकमध्ये त्याने सुवर्ण जिंकलं, आणि तेव्हा पूर्ण अंध व अंशतः दिसणारे एकाच गटात लढायचे. पूर्ण अंधांचा जे-१ आणि अंशतः दिसणाऱ्यांचा जे-२ ही विभागणी २०२२ पासूनची.

विभागणीवरून आठवलं. वर्गीकरणाच्या तपासणीला डोळ्यांचे सगळे जुने कागद घेऊन जा आणि दिसतं तेवढं दिसतं म्हण. ‘थोडं कमी सांग, सोपा गट मिळेल’ असं सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकलंस तर कारकीर्दच जाईल. त्याआधी नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट विचार: रोज पडणं-आपटणं माझ्या पडद्याला झेपेल का? ते नको म्हणाले तर मीही नको म्हणेन, मग कितीही रडलीस तरी.

वजनाचं फार मनावर घेऊ नकोस. टोकियो पॅरालिम्पिकला मुलींचे ६ वजनगट होते, पॅरिसला ४८, ५७, ७० आणि ७० किलोच्या वर असे ४ उरले. गट बदलत राहतात. वाढत्या वयात त्यासाठी उपाशी राहायचं नाही.

आणि हरल्यावर कोपऱ्यात जाऊन बसायची तुझी सवय. ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसमध्ये सीहोरचा कपिल परमार ६० किलो, जे-१ गटाच्या उपांत्य फेरीत इराणच्या खेळाडूकडून ०-१० हरला. त्याच दिवशी ब्राझीलच्या खेळाडूला १०-० ने हरवून त्याने कांस्य मिळवलं, पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. दोन लढतींच्या मधल्या वेळात त्याने काय केलं, मला माहीत नाही. रुसून मात्र बसला नसणार. तू त्या वेळात पाणी पी, दोन केळी खा, बोटांच्या पट्ट्या बदल.

रविवारी येशील तेव्हा नखं कापून ये, मागच्या वेळी जोडीदारणीचा हात ओरबाडलास. आईलाही आण. पोरीचं डोकं आपटेल ही त्यांची भीती बरोबर आहे, म्हणून तासभर फक्त उकेमी, म्हणजे इजा न होता पडायचा सराव, घेऊ. हनुवटी छातीला लावून तू मागे कशी पडतेस, ते त्यांना जवळून बघू दे. मग परवानगीच्या कागदावर सही मागू.

तुझे सर