वाचक विचारतात : लकव्यानंतरचे उपचार आणि त्यांचे त्रास

प्रश्न : डॉक्टर, मार्चमध्ये बाबांना (वय ६८) लकवा मारला, उजवी बाजू गेली. दोन तासांत हॉस्पिटल गाठलं, सीटी झाला, माझी सही घेऊन गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. रात्री डोकं दुखून उलटी झाली, परत सीटी काढला तर मेंदूत रक्तस्राव. आता बाबा घरी आहेत, बोलणं अजून नीट नाही. नातेवाईक म्हणतात तू सही केलीस म्हणून हे झालं. नको होतं का द्यायला? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एक सांगतो, सही करून तुम्ही काहीही वावगं केलेलं नाही, नातेवाइकांना हा अंक वाचायला द्या हवं तर. या इंजेक्शनचा धोका खरा आहे आणि तो कुणी लपवू नये. १९९५ साली अमेरिकेतल्या ज्या चाचणीमुळे हे औषध वापरात आलं, तिच्यात औषध मिळालेल्या शंभरातल्या साधारण सहा जणांना त्रास देणारा रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत शंभरात एकालाही नाही म्हटलं तरी चालेल. तरीपण तीन महिन्यांनी बघितलं तर औषधवाल्यांत मृत्यू वाढलेले नव्हते आणि जवळपास पूर्ण बरे झालेले लोक जास्त होते, म्हणून तर आज जगभर साडेचार तासांच्या आत पोचलेल्या पेशंटला हे देतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

रक्तस्राव का होतो तर रक्त न मिळाल्याने मेंदूच्या त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर झालेल्या असतात, गुठळी विरघळून रक्त परत सुरू झालं की तिथून पाझरतं. इंजेक्शन न देताही काहींना असं होतं हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणूनच देण्याआधी बीपी १८५/११० च्या खाली आणावं लागतं आणि पुढचे २४ तास, परत सीटी होईपर्यंत, ॲस्पिरिनसुद्धा देत नाहीत. अजून एक, रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांना या इंजेक्शननंतर कधीकधी ओठ-जीभ सुजते, तेव्हा घरातल्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यायचीच.

बाबांची स्पीच थेरपी मात्र थांबवू नका. आणि रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू करायची ते तुमच्या न्यूरो डॉक्टरांना विचारा, रक्तस्राव झालाय म्हणून घाबरून ती कायमची सोडून देणारे पण बघितलेत मी.

प्रश्न : आईला स्ट्रोक होऊन चार महिने झाले, डावा खांदा इतका दुखतो की हात लावू देत नाही. मालिशवाला रोज हात वर ओढून व्यायाम करून घेतो. चालू ठेवू का?

उत्तर : ओढणं आजच बंद. खांद्याचे स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो, त्यात कुणी हात खेचला की झालंच. आईंना उठवताना काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढू नका, बसल्यावर हाताखाली उशी द्या, आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. हलक्या हाताने तेल लावायला माझी ना नाही. (कबुतराचं रक्त लावायला अजून लोक सांगतात, त्याला मात्र ना.) पंजा सुजून गरम, लालसर झाला असेल तर वाट न बघता दाखवा.

प्रश्न : मिस्टरांचे हातपाय ताठ होतात म्हणून बॅक्लोफेन चालू होतं. झोप फार यायची म्हणून आम्हीच बंद केलं, दोन दिवसांनी त्यांना भास व्हायला लागले आणि फिट आली. गोळीमुळेच का?

उत्तर : गोळी एकदम बंद केल्यामुळे, दाट शक्यता. बॅक्लोफेन अचानक तोडलं की भास, फिट, ताप, आधीपेक्षा जास्त ताठरपणा असं सगळं होऊ शकतं. आज अजून भास होत असतील तर हा अंक बाजूला ठेवा आणि हॉस्पिटलला न्या. नंतर झोपेबद्दल डॉक्टरांशी बोला, डोस हळूहळू कमी करता येतो. क्रिएटिनिन तपासलंय का तेही विचारा, कारण हे औषध किडनीवाटे बाहेर जातं आणि किडनी कमजोर असली की थोड्या डोसानेही माणूस गुंगीत जातो. आणि सगळाच ताठरपणा घालवायचा नसतो बरं का, काही जण त्या ताठ पायावरच उभे राहतात, गोळीने पाय सैल पडला की पडतात. फक्त मूठच आवळून राहत असेल तर तिथल्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देता येतं, असर साधारण तीन महिने टिकतो, खर्च आधी विचारून घ्या.

प्रश्न : मेंदूला ताकद यावी म्हणून सिटिकोलिन चालू आहे, आता कुणीतरी स्टेम सेल (शरीरात मूळ पेशी सोडायचा उपचार) सुचवलंय. करावं का?

उत्तर : सिटिकोलिनची सुमारे २,३०० पेशंटवरची मोठी चाचणी २०१२ साली छापून आली, फायदा दिसला नाही. स्टेम सेलची आपल्याच देशातली १२० पेशंटची चाचणी २०१४ ची, तिथेही नाही. कुणी लाखाचं पॅकेज देत असेल तर विचारा की ही नोंदलेली चाचणी आहे का, आणि असेल तर पेशंटकडून पैसे कसे काय घेताय.