किट विमानाचा रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन घरी बांधताना सर्वाधिक लक्ष कुठे द्यावे?

शेपटीचे किट घरी आले आहे, पत्र्याच्या कामाचा अनुभव नाही आणि चूक कुठे महागात पडेल हे आधीच जाणून घ्यायचे आहे, असे आपण विचारले आहे. मी अमेरिकेत राहतो आणि आरव्ही-७ या किट विमानाचे, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायच्या छोट्या विमानाचे, रडर (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा पल्ला), एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा आडवा पल्ला) आणि एलेरॉन (पंखाच्या मागचा, विमान एका बाजूला झुकवणारा पल्ला) हे सारे भाग माझ्या गॅरेजमध्ये बांधले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की सर्वाधिक लक्ष या भागांच्या मागच्या कडेला द्यावे.

या भागांचा पत्रा जेमतेम ०.०१६ ते ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. मागची कडा नागमोडी झाली किंवा फुगीर राहिली, तर त्या भागावरचा हवेचा दाब बदलतो. एलेरॉनच्या बाबतीत त्याचा परिणाम असा होतो, की विमान सतत एका पंखावर झुकू पाहते आणि वैमानिकाला संपूर्ण उड्डाणभर नियंत्रणाचा दांडा दाबून धरावा लागतो.

आरव्ही-७ च्या रडरला दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची पाचरीसारखी पट्टी घालून आरपार रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या, टोक ठोकून चपटे करायच्या धातूच्या खिळ्या) मारायचे असतात. पहिल्या वेळी मी खालच्या टोकापासून सुरुवात करून एकामागून एक रिव्हेट ठोकत गेलो आणि वर पोहोचेपर्यंत कडा धनुष्यासारखी वाकली. प्रत्येक रिव्हेट ठोकताना पत्रा किंचित ताणला जातो आणि तो ताण एकाच दिशेने साठत जातो, हे मला तेव्हा उमगले. नवा पत्रा मागवून दुसऱ्यांदा काम केले, तेव्हा पट्टी आधी सीलंटने (वाळल्यावर रबरासारखा होणारा चिकट पदार्थ) चिकटवली, संपूर्ण कडा क्लेकोंनी (भोकांतून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) सरळ ॲल्युमिनियम अँगलला जखडून काही दिवस तशीच वाळू दिली आणि मग दर दहावा रिव्हेट अर्धवट बसवून, त्यांच्या मधले, पुन्हा त्यांच्या मधले, अशा क्रमाने पूर्ण केले. ती कडा आजही सरळ आहे. तेव्हा त्या चिकटवलेल्या कडेला वाळायला पूर्ण वेळ द्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

एलिव्हेटरची मागची कडा पत्रा दुमडून होते. आतले स्टिफनर (पत्र्याला ताठपणा देणाऱ्या पट्ट्या) रिव्हेट केल्यावर दोन जाड फळ्या बिजागरीने जोडून त्यांत ती घडी दाबावी लागते. समोरासमोरचे स्टिफनर कडेपाशी जिथे संपतात तिथे, पत्रा मिटण्याआधी, सीलंटचा एक गोळा ठेवावा. तो ठेवायचा राहून गेला तर पत्रा त्या जागी थरथरत राहून पुढे तडकू शकतो, आणि बंद झालेल्या भागात नंतर हात पोहोचत नाही.

भोकांच्या कडांची बर (भोक पाडताना उरलेली धारदार किनार) काढणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण तडे तिथूनच सुरू होतात. ठोकून तयार झालेले रिव्हेटचे डोके दांडीच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे. शंका आली तर मोजावे. मात्र थोडासा कमी-जास्त झालेला रिव्हेट उपटताना भोक मोठे होण्याचा धोका असतो, म्हणून किरकोळ दोष असेल तर तो तसाच राहू द्यावा, असे माझे मत आहे.

वजनाचा मुद्दा थेट सुरक्षिततेचा आहे. बिजागरीच्या मागे वजन जास्त झाले, तर वेगात तो भाग फडफडू लागतो आणि अशी फडफड काही क्षणांत विमान मोडू शकते. म्हणूनच एलिव्हेटरच्या पुढच्या टोकांना शिसे आणि आरव्ही-७ च्या एलेरॉनच्या नाकात, म्हणजे पुढच्या कडेत, लोखंडी नळी बसवलेली असते. नळी ॲल्युमिनियमला लागून असल्यामुळे तिला आधी प्रायमर द्यावा, नाहीतर गंज धरतो. कडेवरचा खड्डा लपवण्यासाठी लांबी (पुट्टी) भरू नये, कारण ते वजन नेमके मागे जाते. रंगाचेही वजन असते, त्यामुळे रंगकाम पूर्ण झाल्यावर प्रत्येक भाग पुन्हा बिजागरीवर तोलावा आणि किटच्या पुस्तिकेतील मर्यादेत बसल्याखेरीज विमानाला जोडू नये.