‘आपल्याला’ की ‘आपल्यालाच’?

प्रश्न होता, ‘द कॉन्व्हर्सेशन’मधल्या ‘ही’ड किल अस इफ ही गॉट द चान्स’ (संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल) या वाक्याचं मराठी सबटायटल करताना, ते पिक्चरच्या शेवटी पुन्हा येतं तिथे ‘आपल्यालाच’ लिहावं का. माझं ठाम मत, अजिबात नको. (पिक्चर बघितला नसेल तर आधी बघून या, पुढे शेवट फुटणार आहे.)

दिग्दर्शक कोपोलाचा १९७४ चा पिक्चर. चोरून बोलणं टेप करणारा हॅरी कॉल, म्हणजे जीन हॅकमन, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तीन ठिकाणांहून रेकॉर्ड करतो आणि मग त्या टेपा जुळवत बसतो, वादकांच्या गोंगाटाखाली दबलेलं हे एक वाक्य साफ करून पुन्हा पुन्हा ऐकतो. त्याला जोर ‘किल’वर ऐकू येतो, म्हणजे यांचा जीव धोक्यात आहे. त्याच्या आधीच्या एका कामामुळे माणसं मेलेली असतात, त्यामुळे तो हादरतो. शेवटी तेच वाक्य येतं तेव्हा जोर ‘अस’वर, आणि कळतं की ज्याची यांना भीती आहे असं वाटलं, त्यालाच मारायचा बेत या दोघांनी केला होता. साउंड करणाऱ्या वॉल्टर मर्चनी त्यासाठी त्याच नटाचा दुसरा टेक वापरलाय.

आता मराठीची गंमत बघा. आपण जोर लिहूनही दाखवतो, ‘च’ आणि ‘ही’ लावून. ‘तो आपल्यालाच मारेल’ म्हटलं की दुसऱ्या कुणाला नाही, आपल्याला, असा अर्थ होतो, तो इथे नकोय. ‘तोही आपल्याला मारेल’ तर त्याहून वाईट, कारण ‘ही’ आला की आपणही त्याला मारणार आहोत हे आलंच, सगळं गुपित एका अक्षरात फुटलं!

पण बोलताना मराठीतही नुसत्या आवाजानं जोर येतो की. आई ‘दूध तू प्यायलास?’ विचारते तेव्हा ‘तू’ ओढला तर चोर शोधतेय, ‘प्यायलास’ ओढलं तर पोटात काही गेलंय का बघतेय. लिहिलेलं वाक्य तेच.

म्हणून मी लिहीन, ‘संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल’. ‘आम्हाला’ नको, जोडप्यातला पुरुष सोबतच्या बाईशीच बोलतोय, म्हणजे तीही त्यात आली. आणि शेवटीही हेच वाक्य, एक अक्षर न बदलता. डबिंग असेल तर मात्र पहिल्यांदा ‘मारून’वर वजन आणि शेवटी ‘आपल्याला’वर, ते काम नटाच्या आवाजाचं.