पेटीवरचं स्केल नव्हे, मिलिमीटर बघा

मोठ्या मापाच्या मॉडेल गाड्या स्वतः घडवणाऱ्यांच्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी १:८ मध्ये (खऱ्या मापाच्या आठव्या भागात) करायची आहे. या मापात तिचं किट मिळत नाही. माझ्याकडे अमेरिकी व्ही-८ (चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचं इंजिन) गाड्यांची दोन अर्धवट किटं पडून आहेत, एक १:८ चं आणि एक १:१२ चं. त्यांतलं काय वापरता येईल? सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सुरुवात व्हीलबेसपासून, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतल्या अंतरापासून करा. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे १:८ मध्ये २९२.५ मिमी. लांबी ३९३० मिमीच्या आसपास आणि रुंदी १४६० मिमी. मॉडेलमध्ये साधारण ४९१ आणि १८२.५. लांबी बंपर कोणता बसवलाय त्यावर थोडी बदलते, व्हीलबेस बदलत नाही. म्हणून सगळ्या रेघा दोन चाकांच्या मध्यापासून मोजायच्या.

टॅक्सी म्हणून पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर नाही, पण खासगी पद्मिनी अजून आहेत. एखाद्या मालकाला विचारून तासभर गाडी मागा. सपाट फरशीवर उभी करून चाकांचे मध्य, बंपरची टोकं, काचेचा पाया आणि दारांच्या फटी इथून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि गाडी हलवून खुणांमधली अंतरं टेपने मोजा. मडगार्ड आणि टपाची वळणं घ्यायला सोल्डरची जाड मऊ तार पत्र्यावर दाबून कागदावर उतरवून घ्यायची. फोटो हवेच असतील, तर पंधरा-वीस मीटर लांबून झूम करून काढा. तीन मीटरवरून मोबाइलने काढलेल्या फोटोत जवळचं मडगार्ड फुगतं आणि मागची बाजू आक्रसते. त्यावरून ड्रॉइंग काढलं की गाडी डुक्कर फियाटसारखी गुबगुबीत होते.

आता किटांचं. एक हिशेब डोक्यात बसवा: भाग व्हर्निअरने मोजायचा, तुमच्या स्केलने गुणायचा आणि येणारा आकडा खऱ्या गाडीशी ताडायचा. पेटीवर काय छापलंय ते विसरा. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी. अमेरिकी स्मॉल-ब्लॉक शेवरोलेच्या व्ही-८ मध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यातलं अंतर ४.४ इंच, म्हणजे सुमारे ११२ मिमी. तुमच्या १:८ किटात ते १४ मिमी भरेल आणि पद्मिनीत बसवलं तर इंजिन ट्रकचं वाटेल. तेच १:१२ किटात ९.३ मिमी आहे. आठने गुणलं की ७४.५ मिमी, जे ६८ च्या बोअरला शोभतं. म्हणजे व्ही-८ ची एकच बाजू कापून पद्मिनीच्या हेडचा पाया करता येतो. कापण्याआधी खऱ्या इंजिनावर प्लगपासून प्लगपर्यंतचं अंतर मात्र मोजा. डायनॅमो, फॅनची पुली, कार्ब्युरेटर, एअर क्लीनर यांनाही हाच न्याय: मोठ्या गाडीचा १:१२ मधला भाग छोट्या गाडीच्या १:८ मॉडेलमध्ये खपून जातो. डिस्ट्रिब्युटर कॅपला मात्र आठ तोंडं असतील. चार घासून टाका, नाहीतर जाणकाराची पहिली नजर तिथेच जाईल.

हा न्याय माणसाच्या हाता-पायाशी येणाऱ्या वस्तूंना लागू नाही. स्टिअरिंग, पेडल, दाराची मूठ, काच खालीवर करायचं हँडल, सीटची उंची ही मापं गाडी लहान झाली म्हणून लहान होत नाहीत. खरं स्टिअरिंग ४०० मिमीचं धरलं तर मॉडेलमध्ये ५० मिमी हवं. १:१२ किटातलं चाक ३३-३४ मिमीचं निघेल आणि ते लावलं की गाडी खेळण्यातली दिसेल. १:८ किटाचा खरा उपयोग इथे आहे. बहुतेक मिश्र मॉडेलं इंजिनामुळे नाही, डॅशबोर्डमुळे फसतात.

प्रश्न : लाकडी बकवर (ज्यावर शीट ओढायची त्या ठोकळ्यावर) २ मिमी एचआयपीएस (एक प्रकारचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक) शीट तापवून व्हॅक्यूमने ओढली. टप छान आला, पण खालचे कोपरे कागदासारखे पातळ झाले आणि एका ठिकाणी फाटले. शीट ३ मिमीची घेऊ का? – नाशिक

उत्तर : नको, बकचे वेगळे भाग करा. हिशेब करून बघा. १:८ पद्मिनीचा पाया सुमारे ४९१ गुणिले १८३, म्हणजे ९० हजार चौरस मिमी. बाजू ९० मिमी खोल ओढल्या तर त्यांचं क्षेत्रफळ आणखी सव्वा लाखाच्या घरात जातं. तेवढीच शीट दुपटीहून जास्त जागा झाकते, त्यामुळे २ मिमीची सरासरी ०.८५ वर येते आणि कोपऱ्यांत त्याहून कमी. ३ मिमी शीटने फाटणं थांबेल, पण टपाच्या कडा बोथट होतील.

टप, बॉनेट, डिकी आणि डावी-उजवी बाजू असे पाच वेगळे बक करा. बाजूचा बक आडवा ठेवला की खोली पंधरा-वीस मिमीच राहते. मागच्या मडगार्डांची टोकंही एकसंध बकमध्ये शीट अडकवतात, वेगळ्या बाजूंमुळे तो प्रश्नही सुटतो. बक प्रत्येक बाजूने शीटच्या जाडीएवढा लहान हवा. हे विसरलं की गाडी ४ मिमी रुंद होते, म्हणजे खऱ्या गाडीत ३२ मिमी. खोलगट जागी १ मिमीची भोकं पाडा, उभ्या भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार द्या आणि एमडीएफ असेल तर सँडिंग सीलरचे दोन हात मारा.

ओढायची वेळ शीटच सांगते. तापताना आधी तिच्यावर लाटा उठतात, मग ती ताणून सपाट होते आणि त्यानंतर मध्ये झोळ पडायला लागतो. झोळ सगळीकडे सारखा पडला की ओढा. लाटा असताना ओढली तर कडा उतरत नाहीत, फार थांबलात तर दोन कोपऱ्यांमध्ये घडी पडते. एबीएस प्लॅस्टिक वापरत असाल तर शीट आधी ८० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. ती हवेतली ओल धरते आणि तापवल्यावर फोड येतात.

प्रश्न : फेविक्विकने जोडलेले भाग दोन-तीन महिन्यांनी टकटक सुटतात. कुठलं गोंद चांगलं? – सोलापूर, ठाणे आणि इतर

उत्तर : आधी प्लॅस्टिक कोणतं ते ठरवा. किटाचे भाग आणि एचआयपीएस ही एकाच घरातली, दोन्ही पॉलिस्टायरीन. त्यांना एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, एक पातळ सॉल्व्हंट) ब्रशने फटीत सोडायचं. ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि उडून जातं. हा जोड गोंदाचा नसून वेल्डिंगसारखा असतो. एमईके एबीएसलाही चालतं. संत्र्याच्या वासाचं सौम्य सिमेंट एबीएस धरत नाही. सनबोर्ड हे फोम केलेलं पीव्हीसी, त्याला पाइप जोडायचं सोल्युशन. पितळ, रेझिन किंवा सनबोर्ड स्टायरीनला जोडायचं असेल तर अरल्डाइट आणि सोबत १ मिमी पितळी तारेच्या खुंट्या. रेझिनचा भाग आधी साबणाने घासून धुवा, साच्याचं तेल राहिलं तर काहीच धरत नाही. फेविक्विक ओढ सहन करतं, पण धक्का आणि सोलणं सहन करत नाही. मोठ्या मॉडेलमध्ये हाताळताना नेमकं तेच होतं.

दोन शीट पाठीला पाठ लावून जाडी वाढवत असाल तर आतल्या शीटला दर तीन-चार सेंटिमीटरला भोकं पाडा. मध्ये कोंडलेलं सॉल्व्हंट आठवडेभर प्लॅस्टिक मऊ ठेवतं आणि रंग झाल्यावर दार पापडासारखं वाकतं. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा. ॲक्रिलिकच्या दुकानात सुट्या बाटलीत मिळणारं क्लोरोफॉर्मही स्टायरीन जोडतं, पण घरात ते नकोच.

प्रश्न : टायर पॉलियुरेथेन रबरात ओततो. मार्चमध्ये छान आले, जुलैमध्ये सगळे बुडबुड्यांचे. प्रमाण तेच, साचा तोच. पद्मिनीच्या टायरची मापंही सांगा. – रत्नागिरी

उत्तर : प्रमाण तेच, हवा वेगळी. या रबराच्या एका भागात आयसोसायनेट असतं. ते पाण्याशी मिळालं की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि कोकणातल्या जुलैत पाणी सगळीकडे असतं: डब्यातल्या हवेत, लाकडी ढवळणीत, कागदी पेल्यात. प्लॅस्टिकचा पेला आणि स्टीलची सळई वापरा, साचा ६० अंशांवर तासभर तापवून गार होऊ द्या, डबा उघडला की लगेच बंद करा. एकदा उघडलेला डबा पावसाळा काढत नाही, म्हणून लहान पॅक घ्या.

मापं विचारली होती. ५.२०-१४ टायरचा रिम १४ इंची, १:८ मध्ये ४४.५ मिमी. बाहेरचा व्यास ७५ मिमीच्या आसपास, रुंदी साडेसोळा. लेथवाल्याकडून नायलॉनचा मास्टर (ज्यावरून साचा काढायचा तो नमुना) एक टक्का मोठा कातून घ्या, रबर तेवढं आकसतं. साच्याचा जोड ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या) मधोमध आणा, साइडवॉलवर नको. रेडिओ-कंट्रोल टूरिंग कारचे तयार टायर लावण्याचा मोह आवरा. ते ६३ मिमी व्यासाचे आणि २६ मिमी रुंद असतात, पद्मिनीला दोन्ही चुकीचे. आणि किटातले मऊ व्हिनाइल टायर स्टायरीनच्या रिमवर थेट चढवू नका. त्यातलं प्लॅस्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू रिम खातं.

प्रश्न : मागच्या स्प्रिंगचे पाटे हुबेहूब मापात केले, पण गाडी बसतच नाही, दगडासारखी उभी राहते. – पुणे

उत्तर : हुबेहूब केले म्हणूनच. सगळी मापं आठपट कमी केली की स्टीलच्या पाट्याचा ताठरपणा आठपट कमी होतो, पण वजन ५१२ पट कमी होतं. खरी गाडी साधारण ९०० किलोची धरली तर मॉडेल पावणेदोन किलोचं. त्यामुळे पाटे जेवढे दबायला हवेत त्याच्या आठव्या भागाइतकेच दबतात. उपाय सोपा आहे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर ठरतो, म्हणून जाडी निम्मी केली की तो आठपट उतरतो. खरा पाटा ६ मिमीचा असेल तर मॉडेलमध्ये ०.७५ ऐवजी ०.३५ किंवा ०.४० मिमी घ्या. या जाडीचं तयार स्प्रिंग स्टील हवं असेल तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा संच) विकत घ्या आणि तेरा मिमीची पात कटिंग डिस्कने उभी चिरून सहा-सहाच्या दोन पट्ट्या करा. पाण्यात बुडवत कापा, कड निळी पडली की तिथली ताकद गेली. पुढच्या कॉइल स्प्रिंगला तारेचा व्यास निम्मा करायचा नाही, सुमारे ६० टक्के ठेवायचा, कारण तिथे चौथा घात लागतो. मॉडेल दीड किलोच्या खाली असेल तर पाट्यांतला एकच खरा ठेवा, बाकीचे प्लॅस्टिकचे.

प्रश्न : काळा रंग मारल्यावर पुट्टीच्या कडा नकाशासारख्या उमटल्या. पिवळा टप मळकट दिसतो. – डोंबिवली

उत्तर : एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्टायरीनला फुगवतो, सुकलेल्या पुट्टीला नाही, म्हणून दोन्हींच्या सीमेवर रेघ उठते. अर्ध्या मिमीहून खोल खड्डा एनसी पुट्टीने भरूच नका. वरून सुकते, आतून महिनाभर आकसत राहते. तिथे दोन भागांची पॉलिस्टर पुट्टी वापरा. मग एपॉक्सी प्रायमरचे दोन कोरडे, धुरळल्यासारखे हात मारून एक दिवस थांबा आणि त्यानंतर ओला हात द्या. काळा रंग एकही लाट लपवत नाही. प्रायमरवर दुसऱ्या रंगाचा हलका फवारा मारून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ठोकळ्यावर घासा. फवारा जिथे राहील तो खड्डा.

पिवळा आधी, काळा नंतर. पिवळ्याखाली पांढरा प्रायमर हवा, राखाडीवर तो हिरवट पडतो. पावसाळ्यात रंगावर पांढरी साय आली तर थिनर फार लवकर उडतोय असं समजा. रिटार्डर (थिनरचं उडणं मंद करणारं द्रावण) घाला किंवा ऊन पडायची वाट पाहा.

प्रश्न : हेडलाइटच्या काचा कशाच्या करू? – बेळगाव

उत्तर : सात इंची दिवा १:८ मध्ये २२ मिमी. घड्याळवाल्याकडे फुगीर ॲक्रिलिक काचा अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या फरकाने मिळतात, २२ ची मागा. आतल्या बाजूने सुईने उभ्या रेघा ओढा, बाहेरून नाही. चिकटवायला फेविक्विक नको, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. पांढरा फेविकॉल पुरतो.