चार सेशन्स झाली, ज्या घटनेने मनाला धक्का बसला, त्या मूळ घटनेबद्दल थेरपिस्ट अजून काही विचारतच नाहीत. थेरपिस्ट बदलावा का?

नाही, इतक्यात बदलू नका. उलट पहिल्याच भेटीत 'काय झालं ते सगळं सांगा' म्हणून मागे लागणाऱ्यापासून मी लांब राहीन.

माझ्या अपघातानंतर घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, बोलून मोकळी हो. त्यात दादा सर्वांत पुढे. भेटायला कोणीही आलं की मला समोर बसवायचा आणि 'सांग ना, ट्रक कुठून आला' असं सुरू करायचा. मी सांगायचे. सांगताना हात गार पडायचे, काच फुटल्याचा आवाज जसाच्या तसा कानात यायचा, कोणीतरी 'जाऊ दे, पाणी पी' म्हणायचं आणि गोष्ट नेमकी सर्वांत वाईट जागी तुटायची. त्या रात्री झोप नसायची. मोकळं ऐकणाऱ्यांना वाटत होतं, मला नाही.

थेरपीत गेले तर मॅडमनी अपघाताचं नावही काढलं नाही. झोप कशी आहे, कशाने दचकायला होतं, छाती भरून यायच्या आधी शरीर काय सांगतं, हेच विचारायच्या. घाबरायला झालं की पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला शिकवलं. हात वर केला की थांबायचं, हेही ठरवून ठेवलं. दादा म्हणाला, नुसत्या गप्पांचे पैसे घेतात. ते वाक्य मला आजही टोचतं.

यामागे विचार आहे. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1992 मध्ये तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. शरीराला सावरता येत नसताना आठवण उघडली, तर माणूस ती सांगत नाही, पुन्हा भोगतो. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही स्पष्ट म्हटलंय.

पुढे मॅडमनी सांगायला लावलंच. डोळे मिटून, 'आत्ता घडतंय' अशा भाषेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात याला. सोबत आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मग मागच्या सीटवरून थोडं अंतर जायचं, मग पुढच्या. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती पक्की होते, म्हणून हे सगळं. ऐकून ऐकून एक दिवस कंटाळा आला, तेव्हा कळलं की काम होतंय. 'मी वेळेवर ओरडले असते तर' हा विचार मात्र त्यानंतरही निघाला नाही. त्यावर वेगळं बसावं लागलं.

दादा अजून म्हणतो, शेवटी बोलूनच बरी झालीस ना? हो, बोलूनच. पण कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं हे माझ्या हातात होतं, गोष्ट मध्येच तुटत नव्हती आणि ऐकणाऱ्या बाईंना माझ्या रडण्याची घाई झालेली नव्हती. घरच्या माणसांनी हे काम करूच नये. सोबत बसावं, दवाखान्यात सोडायला यावं, पुरे.

आता तुमचं. सगळ्यांनाच लांबलचक तयारी लागते असं नाही. काही जणांबरोबर थेरपिस्ट लवकर मूळ घटनेकडे वळतात आणि तेही बरोबर असतं. महिनोन्महिने नुसते श्वासाचे व्यायामच चालले असतील, तर ते थेरपिस्टचंही टाळणंच. म्हणून पुढच्या भेटीत सरळ विचारा, 'आपण त्या घटनेकडे कधी आणि कसं जाणार आहोत?' गोलगोल उत्तर आलं तर खुशाल बदला. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर पुढच्या सेशनची वाट न बघता आजच थेरपिस्टला फोन करा किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.