'काहून?' आणि 'मंग?'

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : आठवी ते दहावीच्या मुलांना मुद्देसूद युक्तिवाद लिहायला कसे शिकवावे?

प्रश्न : नववीला 'मोबाइल : शाप की वरदान' हा विषय दिला. ५८ वह्यांत एकच निबंध आला. निम्मा फायद्यांचा, निम्मा तोट्यांचा, शेवटी 'अति तेथे माती'. बाजू घ्या म्हटले तरी कुणी घेत नाही. (शिक्षिका, नंदनवन)

उत्तर : यात मुलांपेक्षा विषयाचा दोष जास्त. 'शाप की वरदान'चे उत्तर काहीही दिले तरी कुणाचे काही अडत नाही, मग मूल दोन्ही डगरींवर पाय ठेवणारच. ज्यावर कुणाला तरी खरोखर निर्णय घ्यायचा आहे आणि ज्यावर वर्गातच दुमत आहे, असा विषय हवा. हात वर करायला लावा. ५८ पैकी ५० हात एकाच बाजूला गेले तर विषय फळ्यावरून पुसा.

नागपूरपुरता एक हुकमी विषय आहे : 'विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राबरोबर जूनच्या मध्यातच सुरू कराव्यात.' आपल्याकडे उन्हामुळे त्या जूनअखेरीस उघडतात. हे प्रत्येक मुलाने अंगावर घेतलेले असते, आणि सुट्टी हवीहवीशी असली तरी अभ्यासक्रम मागे पडतो ही धास्तीही असते. डब्याऐवजी शाळेच्या कँटीनमध्ये तर्री पोहे मिळावेत का, हाही चालतो, फक्त वर्ग आवरावा लागतो. वहीच्या पहिल्या ओळीत 'हे कुणाला पटवायचे?' याचे उत्तर लिहून घ्या : मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी, पालक. 'समाजाला' हे उत्तर घेऊ नका.

प्रश्न : मुले माहिती आणतात, आकडे देतात, तरी वाचून पटत नाही. नेमके काय राहते? (शिक्षक, जरीपटका)

उत्तर : दुवा राहतो. वरचाच विषय घ्या. मूल लिहिते, 'शाळा जूनच्या मध्यात सुरू करू नयेत. तेव्हा नागपूरचा पारा अनेकदा ४० अंशांपुढे असतो.' आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. दावा झाला, पुरावा झाला. पण शिक्षणाधिकारी विचारतील, मग सकाळची शाळा भरवू की! आता हे वाक्य घाला : 'सकाळची शाळाही सुटेपर्यंत बारा वाजतात, आणि सायकलने येणारी मुले भर उन्हातच घरी परततात.' आता पाऱ्याचा आकडा शाळेच्या वेळापत्रकाला जोडला गेला. हा दुवा.

डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे न्यायशास्त्राचे, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचे, जुने उदाहरण. 'जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात' ही पायरी तिथे गृहीत धरून चालत नाही. युक्तिवादाच्या पाच अवयवांपैकी, म्हणजे भागांपैकी, तिसरा अवयव म्हणून ती उच्चारावीच लागते. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाचे भाग पाडले, त्यातही पुराव्याला दाव्याशी जोडणाऱ्या विधानाला वेगळी जागा आहे. मुले नेमकी हीच पायरी गिळतात, कारण त्यांच्या डोक्यात ती आधीच पक्की असते.

ती बाहेर काढायला आपल्या बोलीतले दोन शब्द पुरतात : 'काहून?' (का?) आणि 'मंग?' (मग काय?). वह्यांची अदलाबदल करा. कारण न दिलेल्या दाव्यापुढे शेजाऱ्याने पेन्सिलने 'काहून?' लिहायचे, नुसत्याच ठेवलेल्या पुराव्यापुढे 'मंग?'. ३५ मिनिटांच्या तासिकेत ५ मिनिटे हात वर करण्यात, १२ लेखनाला, ८ अदलाबदलीला आणि १० पुन्हा लिहायला. परिच्छेद एकच, ८०-९० शब्दांचा. तीन आठवडे तरी पूर्ण निबंध मागू नका. आणि त्या तासाला ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका, नाहीतर मुले तेवढेच दुरुस्त करून वही परत देतात.

पुराव्याच्या नावाखाली काय काय येते तेही पाहा. थोरामोठ्यांचे सुविचार येतात, म्हणी येतात. ती सजावट झाली, पुरावा नव्हे. 'एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के लोक' हे तर बहुधा त्याच क्षणी जन्मलेले असते. तिथे 'कुणी मोजले?' असा शेरा मारा. जे मूल बोट ठेवून दाखवू शकेल तेच चालेल : तारखेसह वर्तमानपत्राचे कात्रण, पाठ्यपुस्तकाचे पान, किंवा स्वतःची मोजणी. प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन तीन दिवस दुपारी बाराला वर्गातले तापमान टिपले, तर तो आकडा त्या वर्गाचा स्वतःचा असतो आणि मुले तो वाया जाऊ देत नाहीत.

प्रश्न : विरुद्ध बाजू मांडायला सांगितली की 'काही लोक असे म्हणतात, पण ते चुकीचे आहे' यावर आटोपतात. (शिक्षिका, मानेवाडा)

उत्तर : पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, दुबळा मांडून खोडणे म्हणजे बुजगावण्याशी कुस्ती. एक नियम करा : वर्गातल्या विरोधी मताच्या मुलाने वाचून 'हो, माझे म्हणणे हेच' अशी सही केल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही. दहावीची बोर्डाची परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने होते, मग विदर्भातल्या मुलांनी उशिरा सुरुवात का करायची, हा आक्षेप वजनदार आहे. तो एका ओळीत उडत नाही. तो खोडून काढता येतो. मान्य करूनही उन्हाचा धोका त्याहून मोठा आहे असे दाखवता येते. किंवा 'दहावीचा वर्ग वगळून' असे म्हणून स्वतःचा दावा आखडता घेता येतो. या शेवटच्या वाटेला मुले हार समजतात. आम्ही तिलाच जास्त गुण देऊ.

प्रश्न : इतक्या वह्या तपासायच्या कधी? (शिक्षक, कामठी)

उत्तर : मुलांकडूनच अधोरेखन करून घ्या : दावा लाल पेनाने, पुरावा निळ्याने, दुवा पेन्सिलने. पेन्सिलची रेघ कुठे नाही ते अर्ध्या मिनिटात दिसते. ५८ वह्यांना अर्धा तास पुरतो. मात्र रेघ असली तरी वाक्य वाचा. 'शाळा उशिरा सुरू व्हावी, कारण ती लवकर सुरू होऊ नये' याखालीही मुले ऐटीत रेघ ओढतात. दहापैकी दाव्याला २, पुराव्याला २, दुव्याला ३, पूर्वपक्षाला २, भाषेला १.

प्रश्न : बाजू घेऊन लिहिल्यास परीक्षेत मुलीचे गुण जातील का? (पालक, महाल)

उत्तर : प्रश्नात काय मागितले आहे त्यावर ते ठरते. 'फायदे-तोटे लिहा' असेल तर दोन्ही लिहावे लागतील. 'तुमचे मत मांडा' किंवा 'सहमत आहात का?' असेल आणि बाजू घेतली नाही, तर उत्तरच अपुरे राहते. उत्तर लिहिण्याआधी तिला प्रश्नातल्या त्या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.